पाहुणे येऊ द्या, पैसा वेगळ्या वाटेनं येऊ द्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरमधली सव्वाशे कुटुंबांची एक मराठी मंडळी, म्हणजे एका चर्चची ख्रिस्ती माणसं. तिला कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या एका मंडळीचं पत्र आलं आहे. त्यांचे बारा जण मार्चमध्ये दहा दिवसांसाठी येऊ म्हणतात. वसतिगृहाची डागडुजी करू, मुलांचं शिबिर घेऊ, आरोग्य तपासणी करू, बायकांसाठी शिवणाच्या मशिनी आणू आणि पुढे दरवर्षी मदत पाठवू, असं पत्रात लिहिलं आहे. कमिटीत दोन तट पडले आहेत. काही म्हणतात दार उघडा, काही म्हणतात कटकट नको. मंडळीचे तरुण सेक्रेटरी विचारतात की उत्तर काय द्यावं आणि तयारी कशी करावी.

माझं उत्तर: बोलवा. पण त्या पत्रात लिहिलंय तसं नको.

मी बँकेत नोकरी केली. त्याच्या जोडीला आमच्या मंडळीत 22 वर्षं परदेशी पाहुण्यांची व्यवस्थाही माझ्याकडे होती आणि त्यांच्याकडून येणाऱ्या पैशांचा हिशेबही. ही दोन कामं एकाच माणसाकडे असणं चूक आहे, हे कळायला मला आठ-नऊ वर्षं लागली. जी बाई सकाळी पाहुण्यांना पोहे वाढते तीच संध्याकाळी त्यांच्यासमोर खर्चाचा कागद ठेवते, मग कुठलाही पाहुणा तिच्याशी मोकळा बोलत नाही, आणि तीही त्याला मोकळेपणानं "हे आम्हाला नको" म्हणू शकत नाही. तुमच्या कमिटीत आजच ठरवून टाका: व्यवस्था एकाकडे, हिशेब दुसऱ्याकडे.

आपल्या इंदुरात हे नातं नवं नाही. कॅनडातल्या प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांतल्या एका पंथाच्या) मंडळीचे मिशनरी 1877 मध्ये इथे आले. 1884 मध्ये डॉ. एलिझाबेथ बिटी आल्या आणि बायकांसाठी दवाखान्याचं काम सुरू झालं. 1887 मध्ये इंदूर ख्रिश्चन कॉलेजचा पाया पडला. पुढे 1925 मध्ये तिकडे प्रेस्बिटेरियनांसह काही पंथ एकत्र येऊन युनायटेड चर्च ऑफ कॅनडा झालं, 1970 मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि इथला कारभार इथल्या माणसांच्या हाती आला. कारभार आला, सवय मात्र गेली नाही. छत गळलं की "मिशनला लिहा" हे वाक्य मी लहानपणी घरात ऐकलंय आणि साठीनंतर कमिटीतही ऐकलंय. ज्या मंडळीचे लोक लग्नाला आठ-दहा लाख सहज घालतात, तीच मंडळी वसतिगृहाच्या पत्र्यांसाठी कॅनडाला पत्र लिहिते, तेव्हा मला फार वाईट वाटतं.

1910 मध्ये स्कॉटलंडमधल्या एडिनबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत दक्षिण भारतातले व्ही. एस. अझरिया बोलायला उभे राहिले. तेव्हा ते जेमतेम पस्तिशीचे होते. समोर पाश्चात्त्य मिशनांचे मोठमोठे धुरीण बसले होते. अझरियांनी त्यांच्या त्यागाबद्दल आभार मानले आणि शेवटी मागणं मांडलं ते मैत्रीचं: तुम्ही संपत्ती दिलीत, आयुष्यं दिलीत, आता आम्हाला मित्र द्या. सभेतल्या अनेकांना ते बोलणं झोंबलं. दोन वर्षांनी तेच अझरिया अँग्लिकन मंडळीचे पहिले भारतीय बिशप झाले. तुम्हाला आलेल्या पत्रातही देण्याच्या वस्तू पुष्कळ आहेत. मैत्रीचा कार्यक्रम त्यात नाही, तो आपण घालायचा आहे.

आता मशिनींचं. आमच्याकडे एकदा पाहुण्यांनी मोठ्या प्रेमानं विजेवरच्या शिवणमशिनी आणल्या. प्रत्येकानं आपलं निम्मं सामान घरी ठेवून बॅगेत एकेक मशीन भरलं होतं. महिला मंडळाच्या खोलीत समारंभ झाला, फीत कापली. मंडळाच्या सर्वांत जुन्या बाई, ज्यांनी तीस वर्षं पायानं चालवायच्या मशिनीवर ब्लाउज शिवून मुलं शिकवली, त्यांना पहिला मान दिला. पिनेला अडॅप्टर लावला, बटण दाबलं. दोन-चार टाके पडले, मशीन किंचाळल्यासारखं जोरात फिरलं, आणि खोलीभर जळक्या वार्निशचा वास पसरला. कॅनडात घरातली वीज 120 व्होल्टची, आपली 230 ची. अडॅप्टरनं पिन बसते, व्होल्ट कमी होत नाहीत. ज्या पाहुणीनं ते मशीन आणलं होतं ती रडायला लागली. बाईंनी तिचा हात धरला, कापड घडी करून पिशवीत ठेवलं आणि म्हणाल्या, "रडू नको गं. मशीन माझ्याकडे आहेच. गिऱ्हाईक नाही."

ते वाक्य मी भाषांतर करून सांगितलं तेव्हा खोली शांत झाली. आमच्या बायकांना मशीन नको होतं. इंदुरात तयार कपड्यांचा धंदा मोठा आहे, पण नगावर शिवून देणाऱ्या बाईच्या हाती फार थोडं पडतं. त्यांना हवं होतं थेट दुकानदाराशी बोलणारं कुणीतरी, कपडा बेतून देणारं कुणीतरी, आणि सणासुदीच्या आधी दोन महिन्यांचं भांडवल. हे आम्हाला, शेजारच्या गल्लीत राहणाऱ्यांनाही, तोपर्यंत माहीत नव्हतं. आम्ही कुणी विचारलंच नव्हतं. तेव्हा पाहुण्यांना दोष देऊ नका. पत्राला उत्तर लिहिण्याआधी तुमच्या महिला मंडळाची, वसतिगृहाच्या वॉर्डनची, स्वयंपाकाच्या मावशींची वेगवेगळी बैठक घ्या आणि विचारा की दहा दिवस कॅनडाची माणसं आली तर तुम्हाला काय आवडेल. "काय पाहिजे" असं विचारू नका. तसं विचारलं की यादी येते, पंख्यापासून व्हॅनपर्यंत. "काय आवडेल" विचारलं की वेगळं बोलणं निघतं. आमच्याकडे एका मावशींनी सांगितलं होतं, "त्यांच्याकडे म्हातारी माणसं एकटी कशी राहतात ते मला ऐकायचंय. माझी मुलगी पुण्याला गेली ना."

पैशाकडे येते. इथे मी सविस्तर लिहिणार आहे, कारण चुकलं तर मंडळीचं नाव खराब होतं आणि ते सावरायला वर्षं लागतात.

विदेशी अंशदान (म्हणजे परदेशी देणग्या) विनियमन कायदा, ज्याला आपण सगळे एफसीआरए म्हणतो, तो पहिल्यांदा 1976 मध्ये आला, नवा कायदा 2010 चा आणि त्यात मोठी दुरुस्ती 2020 मध्ये झाली. तुमच्या मंडळीची स्वतःची नोंदणी आहे का, हे आधी पाहा. नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी नसेल तर परदेशी नागरिकाकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. रुपयात दिला तरी नाही. बरेच जण समजतात की डॉलर घेतले तरच परदेशी पैसा. चूक. देणारा कोण आहे ते बघितलं जातं, नोट कुठली आहे ते नाही. टोरांटोला स्थायिक झालेला आपलाच मराठी भाऊ भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल तर ते विदेशी अंशदान धरत नाहीत. त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, तो परदेशी देणगीदार. आडनाव कुलकर्णी असो की साळवे, कायद्याला फरक पडत नाही.

हे सगळं कागदावर ठाऊक असूनही माणूस अडकतो तो रविवारी. अर्पणाची थैली फिरते. मखमली थैली, लाकडी दांडा, आत हात घालून कोण काय टाकतं ते दिसत नाही. उपासना झाल्यावर दोन वडील आणि मी मागच्या खोलीत टेबलावर थैली उलटी केली. नाणी, दहाच्या, वीसच्या, पन्नासच्या नोटा, आणि मधोमध चार घड्या घातलेली शंभर डॉलरची नोट. तेव्हा आमच्या मंडळीची नोंदणी नव्हती. ती नोट मी लिफाफ्यात घातली, वर तारीख घातली, दोन्ही वडिलांच्या सह्या घेतल्या. चहाच्या वेळी ज्या पाहुण्यांनी ती टाकली होती त्यांना बाजूला घेऊन परत दिली. त्यांचा चेहरा उतरला. देवाला वाहिलेलं परत कसं करता, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की देवानं घेतलं, मंडळीला घेता येत नाही. त्यानंतर मी नियमच केला: पाहुणे आल्याच्या पहिल्या संध्याकाळीच शांतपणे सांगायचं की थैली तुमच्यापाशी येईल, तुम्ही हात जोडून पुढे द्या. त्यांना वाईट वाटत नाही. आयत्या वेळी परत दिलं की वाटतं.

नोंदणी असेल तर पैसा फक्त दिल्लीच्या भारतीय स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक एफसीआरए खात्यात येतो. तिथून पुढे खर्चासाठी दुसऱ्या बँकेत खातं ठेवता येतं. प्रशासकीय खर्चावर पूर्वी 50 टक्क्यांपर्यंत मुभा होती, आता 20 टक्के. वर्षाचा हिशेब 31 डिसेंबरपर्यंत भरावा लागतो, पैसा एक पैसाही आला नसला तरी. नोंदणी पाच वर्षांची असते आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या कितीतरी आधी टाकावा. 2020 नंतर सर्वांत मोठा बदल झाला तो हा: एका नोंदणीकृत संस्थेनं आलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं. आधी मोठ्या संस्थेच्या खात्यात रक्कम यायची आणि ती खालच्या छोट्या नोंदणीकृत संस्थांना वाटायची. ती वाट आता नाही. "अमक्यांच्या खात्यात मागवू, मग ते आपल्याला देतील" असं कमिटीत कुणी म्हणालं तर तिथेच थांबवा. नवी नोंदणी हवी असेल तर संस्था किमान तीन वर्षं जुनी असावी लागते आणि त्या तीन वर्षांत कामावर 15 लाख रुपये खर्च केल्याचा हिशेब दाखवावा लागतो. हे सगळं चांगल्या सीएकडून करून घ्या. ओळखीच्या माणसानं फुकट करून दिलेलं काम शेवटी महाग पडतं.

पाहुण्यांच्या राहण्या-जेवणाचा खर्च? त्यांनी गेस्ट हाउसला, गाडीवाल्याला, केटररला परस्पर द्यावा. तुमच्या हातातून तो जाऊ देऊ नका. एका वर्षी आम्ही सगळं गोळा करून मग वाटलं होतं, आणि शेवटी तीन हजार रुपयांचा हिशेब जुळेना. चोरी झाली नव्हती, भाजीवाल्याची चिठ्ठी हरवली होती. पण सहा महिने मंडळीत कुजबुज चालली.

म्हणून माझं पहिलं म्हणणं हे, की पैसा आणि पाहुणा एकाच वेळी येऊ देऊ नका. पाहुणे येतील त्या वर्षी पैशाची कुठलीही मागणी, कुठलंही आश्वासन, कुठलाही प्रकल्प नको. ते परत गेल्यावर किमान सहा महिने पैशाचा विषय दोन्हीकडून बंद. त्यानंतरही नातं टिकलं, पत्रं चालू राहिली, तर मग बघा. हे त्यांना आधीच लिहून कळवा. मी पहिल्यांदा हे लिहिलं तेव्हा हात थरथरत होते, वाटलं पत्रव्यवहारच तुटेल. तिकडून उत्तर आलं की त्यांच्या मंडळीनं ते पत्र उभं राहून वाचलं.

व्हिसाचं नीट समजून घ्या, कारण यात नुसते पाहुणे नाही, तुम्हीही अडचणीत येता. पर्यटक व्हिसावर आलेला परदेशी माणूस उपासनेला बसू शकतो, प्रार्थना करू शकतो. त्यानं उपदेश करणं, धार्मिक भाषण देणं, पत्रकं वाटणं चालत नाही. धर्मप्रचारासाठी वेगळा मिशनरी व्हिसा असतो. ओसीआय कार्डवाल्यांनाही मिशनरी कामासाठी खास परवानगी लागते. तेव्हा आपल्या पाळकसाहेबांचा जीव कितीही तुटला तरी पाहुण्यांबरोबर आलेल्या पाळकांना व्यासपीठावर उपदेशाला उभं करायचं नाही. नाव, गाव, नमस्कार, एवढंच. ते बाकावर बसून मराठी उपासना ऐकतात, भजनाला टाळ्या वाजवतात. मला तर ते दृश्य फार आवडतं. दीडशे वर्षं त्यांनी बोलायचं आणि आपण ऐकायचं असं चाललं होतं. बिनपगारी, महिनाभराच्या आतलं स्वयंसेवेचं काम ई-पर्यटक व्हिसात बसतं, तरी व्हिसाचा अर्ज भरताना खरं तेच लिहा. पाहुणे कुणाच्या घरी उतरले तर 24 तासांत त्यांची ऑनलाइन नोंद करावी लागते. गेस्ट हाउसवाले ती स्वतः करतात, घरमालकाला ठाऊकच नसतं.

आपल्या मध्य प्रदेशात धर्मस्वातंत्र्याचा कायदा 1968 पासून आहे आणि 2021 चा नवा कायदा जास्त कडक आहे. आमिष म्हणजे काय, याची त्यातली व्याख्या रुंद आहे, भेटवस्तूही तीत येतात. म्हणून पाहुण्यांनी वस्तीत जाऊन मुलांना चॉकलेटं, कपडे, पेनं वाटायची नाहीत. हेतू निर्मळ असतो, मला ठाऊक आहे. फोटो मात्र कुणाच्या मोबाइलवरून कुठे जाईल ते सांगता येत नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, अनोळखी गोऱ्या माणसासमोर हात पसरायला आपण आपल्या मुलांना का शिकवायचं?

आरोग्य शिबिराला मी स्पष्ट नाही म्हणेन. परदेशी डॉक्टरला इथे रुग्ण तपासायचा तर आपल्या वैद्यकीय आयोगाची तात्पुरती परवानगी लागते. परवानगी मिळाली असं धरू. बुधवारी शिबिरात एखाद्या आजीचा रक्तदाब दोनशे निघाला, महिन्याच्या गोळ्या दिल्या. महिन्यानंतर कोण? याच कॅनडानं आपल्याकडे पाठवलेले डॉ. रॉबर्ट मॅक्लूर रतलामच्या मिशन हॉस्पिटलात 1954 ते 1967 होते. तेरा वर्षं. रुग्णाचं पोरगं मोठं झालेलं त्यांनी पाहिलं. पुढे 1968 मध्ये ते तिकडच्या युनायटेड चर्चचे मॉडरेटर, म्हणजे प्रमुख, झाले, पाळक नसलेले पहिले. दहा दिवसांत तसलं काम होत नाही आणि त्याचा आव आणू नये. पाहुण्यांत एखादी नर्स असेल तर तिला आपल्या मंडळीतल्या चार-पाच नर्सबाईंबरोबर दोन दिवस नुसतं बसू द्या. रात्रपाळी, पगार, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची देखभाल, यावर त्या बोलतात. आमच्याकडे अशाच गप्पांतून आमच्या एका नर्सनं पाठ न दुखवता रुग्णाला कुशीवर वळवायची पद्धत शिकून घेतली आणि त्या पाहुणीनं आपल्याकडची तान्ह्या बाळाची तेलमालिश.

वसतिगृहाची डागडुजीही नको. तुमच्या मंडळीत गवंडी आहेत, रंगारी आहेत, त्यांना रोजगार मिळू द्या. पाहुण्यांना हातानं काही करायची फारच हौस असेल तर ते आपल्या माणसाच्या हाताखाली, त्याच्या सांगण्यानुसार करतील. मिस्त्री बोलेल तसं.

मुलांच्या शिबिराबद्दल मी कुणाचंच ऐकणार नाही, इतकी या बाबतीत कडक आहे. वसतिगृहातल्या मुलांचे फोटो काढायचे नाहीत, नावासकट तर मुळीच नाहीत. कुठलाही पाहुणा, बाई असो की बुवा, एकट्या मुलाबरोबर खोलीत, गाडीत, गच्चीवर नको. त्यांच्याकडे मुलांबरोबर काम करणाऱ्यांची पोलिसांकडून खास तपासणी होते, तो दाखला निमंत्रणाआधी मागून घ्या. मागताना संकोच वाटायचं कारण नाही. तिथल्या मंडळ्यांना याची सवय आहे आणि न मागणाऱ्यांचंच त्यांना नवल वाटतं. तुमच्या स्वयंसेवकांनाही तोच नियम लावा. आणखी एक: दहा दिवसांत मुलं जीव लावतात. वसतिगृहातलं मूल आधीच कुणाला तरी सोडून आलेलं असतं. पाहुणे गेल्यावर एक सात-आठ वर्षांचा मुलगा आमच्या फाटकाशी संध्याकाळी उभा राहायचा. तीन आठवडे. वॉर्डन त्याला आत न्यायच्या. त्या वर्षानंतर आम्ही पाहुण्यांना वसतिगृहात एकच दुपार नेलं, सगळ्या मुलांबरोबर जेवायला, आणि संपलं.

मग दहा दिवस करायचं काय, असं तुम्ही विचाराल. घरी न्या. पाहुण्यांच्या जोड्या करा, रोज संध्याकाळी दोघं एका घरी जेवायला, प्रत्येक घरी वेगळे दोघं. हॉटेलसारखा बेत नको. पिठलं-भाकरी, वरण-भात, जे रोज असतं ते. पोळी लाटायला लावा. महिला मंडळाबरोबर एक पूर्ण दिवस पुरणपोळीचा. डाळ शिजते, पुरण वाटलं जातं, कणीक तिंबून ठेवावी लागते, त्यात वेळ जातो, आणि त्या वेळात माणसं बोलतात. अशाच एका दुपारी, पीठ लागलेल्या हातांनी, एक सत्तरीच्या पाहुण्या बाईंनी सांगितलं की त्यांच्या गावातलं चर्च पुढच्या वर्षी बंद होणार. रविवारी बाकांवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं येतात, त्यांतही तरुण कुणी नाही. जिथे त्यांचं लग्न झालं, नवऱ्याचा अंत्यविधी झाला, ती इमारत विकायला काढली होती. आमच्या बायका थबकल्या. त्यांना वाटत होतं कॅनडात सगळं आहे. मग आमच्या एका बाईंनी हात पदराला पुसले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मराठीतच प्रार्थना केली. भाषांतर करायला मी पुढे झाले, तर त्या पाहुण्या बाईंनी मान हलवून मला थांबवलं.

त्यांना शहर दाखवा, पण सराफा बाजारात खाऊ घालून आणि राजवाडा दाखवून थांबू नका. ओला-सुका कचरा वेगळा कसा घेतला जातो, गल्लीत पहाटे गाडी कशी येते ते दाखवा. आपलं शहर काहीतरी शिकवू शकतं हे त्यांनाही दिसू दे आणि आपल्या तरुणांनाही. ख्रिश्चन कॉलेज आणि जुनं कबरस्तान दाखवा. तिथल्या कबरींवरची कॅनेडियन नावं वाचताना पाहुणे गप्प होतात.

त्या गप्प होण्यामागे आणखी एक कारण असतं, ते तुम्हाला माहीत असावं. युनायटेड चर्च ऑफ कॅनडानं 1986 मध्ये आपल्या देशातल्या मूळ रहिवाशांची जाहीर माफी मागितली, आणि निवासी शाळांमधल्या अन्यायाबद्दल 1998 मध्ये पुन्हा. त्या शाळांत मूळनिवासी मुलांना आईवडिलांपासून तोडून त्यांची भाषा विसरायला लावली गेली होती. तिकडचे आजचे तरुण हे शिकून येतात. ते इथे येतात तेव्हा आपण पुन्हा तेच करू की काय ही भीती त्यांच्या मनात असते, त्यामुळे ते प्रत्येक गोष्टीला मान डोलावतात. आपल्यापैकी काहींच्या ते लगेच लक्षात येतं आणि मागण्या सुरू होतात: माझ्या मुलाच्या शिक्षणाचं बघा, व्हिसाचं बघा. दुसऱ्याच्या पश्चात्तापावर आपला स्वार्थ साधणं हे पाप आहे, असं मी मंडळीत उभं राहून बोलले आहे आणि इथेही लिहिते. पाहुणे येण्याआधीच्या रविवारी पाळकसाहेबांनी हे वेदीवरून सांगावं. वैयक्तिक मागणी कुणीही, कुठल्याही पाहुण्याकडे करायची नाही. कमिटीच्या सभासदांनी तर नाहीच नाही.

भागीदारी म्हणायची तर परतभेट हवी. दोन वर्षांच्या आत तुमचे चार-सहा जण तिकडे जातील, हे पहिल्याच पत्रात लिहा. दरवेळी पाळक आणि सेक्रेटरी नकोत. नर्स, शाळेतल्या बाई, पेटी वाजवणारा मुलगा, एखादी आजी. तिकिटाचा निम्मा तरी खर्च आपण उभा करायचा. एकेक तिकीट लाखाच्या घरात जातं, म्हणून दोन वर्षं आधीपासून दरमहा बाजूला टाकावं लागतं. आमच्याकडे एक डबा होता, "कॅनडाचा डबा". त्यांच्या थंडीत नेऊ नका, सप्टेंबर किंवा ऑक्टोबरची सुरुवात बरी. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी त्यांचा कृतज्ञतेचा सण असतो. व्हिसा नाकारला जाऊ शकतो, त्याची मनाची तयारी ठेवा. आमच्या एका तरुणाचा दोनदा नाकारला गेला. तिकडे गेल्यावर आपल्या माणसांनी काय करायचं? वृद्धाश्रमात बसायचं, भजन म्हणायचं, ज्यांना कुणी भेटायला येत नाही त्यांचा हात हातात घ्यायचा. आपल्या लोकांना ते उत्तम जमतं.

मुदत ठरवा. हे मी पंडिता रमाबाईंकडून शिकले. त्या 1886 मध्ये अमेरिकेत गेल्या आणि 1887 मध्ये बोस्टनला त्यांच्या कामासाठी संघ स्थापन झाला, तेव्हा त्या संघानं मदतीचं वचन दिलं ते दहा वर्षांसाठी. त्या बळावर 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं. दहा वर्षं संपली की दोन्ही बाजूंनी पुन्हा बसून बोलायचं. आणि त्याच शारदा सदनावरून 1893 मध्ये इथल्या सल्लागार मंडळाशी केवढं वादळ झालं, तेही विसरू नका. धर्माबाबत काय चालेल, काय नाही, याची इथल्या लोकांची समजूत एक, रमाबाईंची दुसरी. दूरचे देणगीदार सांभाळताना शेजारच्यांशी काय ठरलंय, ते लिहून काढलेलं नसलं की असं होतं. तुम्ही तीन वर्षांचा करार करा, दोन पानांचा. काय करू, काय करणार नाही, कोण बोलणार, तक्रार कुणाकडे, आणि कधी थांबणार. मग तो मंडळीच्या सर्वसाधारण सभेत मराठीत वाचून दाखवा, नुसत्या कमिटीत नको. शेजारच्या हिंदू, मुसलमान घरांनाही कळू द्या की कोण येतंय, कशासाठी येतंय. आम्ही पाहुण्यांच्या पहिल्या दिवशी गल्लीतल्या सगळ्यांना चहाला बोलवायचो. त्यानंतर कुणी काही बोललं तर उत्तर शेजारीच द्यायचे.

राहिली तारीख. मार्च ते म्हणतात कारण तिकडे शाळांना मार्चमध्ये आठवड्याची सुट्टी असते. आपल्याकडे तेव्हा बोर्डाच्या परीक्षा, घरोघरी मुलं अभ्यासाला बसलेली, महिन्याच्या शेवटी ऊनही तापायला लागलेलं. नाताळच्या आसपासही नको, पाळकसाहेबांना श्वास घ्यायला वेळ नसतो. जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा सुचवा. माळव्यातली थंडी त्यांना गंमतच वाटते. बाराऐवजी आठ जण बोलवा, त्यांत निदान तिघं पन्नाशीच्या पुढचे असू द्या, म्हणजे आपल्या आजी-आजोबांना बोलायला कुणी मिळेल.

उत्तर लिहाल तेव्हा आधी मराठीत लिहा. इंग्रजीत लिहायला बसलं की आपण आपोआप जास्त नम्र होतो आणि नको त्याला हो म्हणून बसतो. मराठी मसुदा महिला मंडळात वाचून दाखवा, त्यांनी खुणा केलेल्या जागा सुधारा, मग भाषांतर करा. पहिल्या परिच्छेदात निमंत्रण, दुसऱ्यात काय आणू नये ते, तिसऱ्यात तुमच्याकडे आम्ही कधी येऊ ते. पाठवण्याआधी मला दाखवावंसं वाटलं तर जरूर दाखवा. संध्याकाळी सहानंतर मी घरीच असते.